बासा आणि वास्तू : सियालदहच्या वाटेवरील स्थलांतर व त्याचे वाङ्मय

एक

यंत्रयुगाचा इतिहास लिहू जाणारा अभ्यासक प्रथम गिरण्यांची, चात्यांची आणि मागांची गणती करतो. त्या मागांवर उभी राहणारी माणसे कोठून आली, हा प्रश्न त्याच्या लेखी दुसऱ्या प्रकरणाचा विषय असतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा क्रम उलटा करावा लागतो. माणसाने गाव सोडले, तो परमुलुखी गेला, तेथे त्याने बिऱ्हाड केले किंवा त्याला ते करता आले नाही, ह्या घटनेला शब्दरूप कोठे मिळाले आणि कोणी दिले, हे त्याला पाहावयाचे असते. ज्या हालअपेष्टा मोठ्या त्यांचे वाङ्मय मोठे, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. दुष्काळ, फाळणी, कारखानदारी अशा उलथापालथींतून श्रेष्ठ साहित्य आपोआप जन्माला येते, अशी ही श्रद्धा आहे. ती कितपत टिकते हे एखाद्या ठिकाणी थांबून तपासावयाचे असेल, तर कलकत्त्याच्या सियालदह स्थानकाइतके सोयीचे ठिकाण भारतात क्वचितच सापडेल. येथून जवळजवळ शंभर वर्षे एकामागून एक असे स्थलांतराचे निरनिराळे प्रवाह वाहिले, आणि त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला आलेले शब्द अत्यंत विषम आहेत.

ह्या विषमतेचे कारण दुःखाच्या मोजमापात नाही. ते भाषेच्या आणि नगरावरील हक्काच्या प्रश्नात आहे, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी वाचकाला ह्या प्रश्नाशी दुहेरी कर्तव्य आहे. मुंबईच्या गिरणगावाने आपल्याला जे वाङ्मय दिले त्याचे मर्म सियालदहच्या शेजारी ठेवले असता अधिक स्पष्ट दिसते, आणि त्याच्या मर्यादाही तेथेच उघड होतात.

दोन

सियालदह ह्या नावातील ‘दह’ म्हणजे आपला ‘डोह’. कोल्ह्यांचा डोह, अशी लोकव्युत्पत्ती सांगतात. नगराच्या पूर्वेकडील दलदलीच्या प्रदेशाला ती शोभून दिसते. ह्या ठिकाणाला इतिहासात स्थान मिळाले ते ईस्टर्न बेंगॉल रेल्वेमुळे. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये येथून राणाघाटपर्यंत आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कुष्टियापर्यंत लोहमार्ग सुरू झाला. १८७१ मध्ये तो पद्मेच्या काठी गोआलंदोपर्यंत पोहोचला. वॉल्टर ग्रॅनव्हिल ह्या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली स्थानकाची इमारत १८६९ मधील. माणसांच्या सोयीपेक्षा मालाची सोय हा ह्या मार्गामागील मोठा हेतू होता. १८७३ च्या फेब्रुवारीत सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तीही स्थानकावर उतरलेला माल नदीच्या धक्क्यावर नेता यावा ह्या कल्पनेतूनच. ती वर्षभरदेखील चालली नाही.

हा माल म्हणजे मुख्यतः ताग. पूर्व बंगालच्या ओलसर सखल जमिनीत ताग पिकत असे, आणि तो विणण्याचे कारखाने हुगळीच्या दोन्ही तीरांवर उभे राहत होते. जॉर्ज ॲकलंड ह्याने डंडीहून यंत्रे आणून रिश्रा येथे पहिली ताग-गिरणी काढली ती १८५५ मध्ये. मुंबईत कावसजी दावर ह्यांची कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. म्हणजे गिरणगाव आणि हुगळीकाठ ही जवळजवळ जुळी भावंडे होत. त्यांच्या जन्मातील एक भेद मात्र पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबईच्या कापडधंद्यात देशी भांडवलदार आरंभापासून पुढे होते. हुगळीकाठचा तागधंदा दीर्घकाळ स्कॉटिश व इंग्रज व्यवस्थापनाखाली राहिला. मालक परका, मजूर परप्रांतीय, आणि मध्ये कारकून तेवढा बंगाली, अशी तेथील रचना हळूहळू सिद्ध झाली. नगराची भाषा ह्या मधल्या थराच्या हाती राहिली, आणि नगराचे वाङ्मयही.

ह्या लोहमार्गावर वाहतूक दोन्ही दिशांनी होत होती. ताग कलकत्त्याकडे येई, आणि चहाच्या मळ्यांकडे जाणारे मजूर उलट दिशेने जात. छोटा नागपूर, संथाळ परगणे, ओरिसा अशा भागांतून ‘आरकाट्यां’नी गोळा केलेली माणसे रेल्वेने गोआलंदोपर्यंत आणि तेथून आगबोटीने आसामात पोहोचवली जात. १८५९ च्या कायद्याने कराराचा भंग हा मजुराच्या बाबतीत फौजदारी गुन्हा ठरला. १८६५ च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुराला अधिपत्रावाचून स्वतःच पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला, आणि तो १९०८ पर्यंत चालू राहिला. नोकरी सोडणे हाच जेथे अपराध, तेथे स्थलांतर आणि कैद ह्यांतील सीमा पुसट होते.

ह्या कैदेविषयी बंगालीत लिहिले गेले नाही असे नाही. ‘चा-कर दर्पण’ हे दक्षिणाचरण चट्टोपाध्याय ह्यांचे नाटक १८७५ चे. ब्राह्मसमाजाचे द्वारकानाथ गांगुली १८८६ मध्ये आसामात जाऊन आले आणि त्यांनी वृत्तपत्रांतून मळ्यांतील परिस्थिती उघडकीस आणली; रामकुमार विद्यारत्न ह्यांची ‘कुली-काहिनी’ हीही त्याच चळवळीतील. हे सर्व लेखन धैर्याचे व आदरणीय आहे. परंतु ते साक्षीदाराचे लेखन आहे. मळ्यात कोंडलेल्या माणसाचा स्वर त्यात अनुवादित होऊन येतो. १९२१ च्या मे महिन्यात चरगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून एकाएकी गावाकडे निघाले. गोआलंदोमार्गे परतण्यासाठी ते चाँदपूर येथे जमले असता २० मेच्या रात्री तेथील स्थानकात त्यांच्यावर गुरखा शिपाई घालण्यात आले. ह्या प्रकरणाची पडसादभूमी झालेला संप, दीनबंधू अँड्र्यूज ह्यांनी केलेली धावपळ, वृत्तपत्रांतील वादळ, हे सर्व लिहिलेले सापडते. ज्यांनी पाय उचलला त्यांना त्या पावलाविषयी काय म्हणावयाचे होते, ते मात्र आपल्याला त्यांच्या गाण्यांतूनच शोधावे लागते.

तीन

तागाच्या गिरण्यांत आरंभी आसपासचे बंगाली मजूर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हे चित्र पालटले. बिहारच्या सारन, शाहाबाद, मुजफ्फरपूर ह्या जिल्ह्यांतून, संयुक्त प्रांताच्या पूर्व भागातून, ओरिसातून आणि आंध्राच्या उत्तर किनाऱ्यावरून माणसे येऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या परप्रांतीयांचेच प्राबल्य झाले. सियालदहहून उत्तरेस जाणाऱ्या मार्गावरील टिटागढ, जगद्दल, काँकिनाडा, नैहाटी ही गावे त्यांच्या वस्त्यांनी भरली. मुंबईत जे स्थान जॉबराचे तेच येथे ‘सरदारा’चे. तोच कामावर लावणार, तोच कर्ज देणार, आणि पुष्कळदा बस्तीतील खोलीचा मालकही तोच. उन्हाळ्यात, लग्नसराई व शेतीची कामे ह्यांच्या वेळी हा मजूर गावी जाई आणि पुन्हा परत येई. कोकणचा चाकरमानी शिमग्याला जाई तसाच. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, आणि सारनसारखे जिल्हे रत्नागिरीप्रमाणेच तिच्यावर जगू लागले.

ह्या येण्याजाण्याने भाषांना काही शब्द दिले, आणि त्यांच्याकडे बारकाईने पाहणे फलदायी आहे. बंगालीत ‘बाडी’ आणि ‘बासा’ असा भेद आहे. बाडी म्हणजे पूर्वजांचे घर, जेथे कुलदेवता असते व जेथे श्राद्ध होते. बासा म्हणजे नोकरीच्या गावची तात्पुरती जागा, पाखराने रात्रीपुरता धरलेला आसरा. आपल्याकडील ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ ह्यांचे नाते बरेचसे असेच आहे. बंगाली मनुष्य ‘देश’ म्हणतो तेव्हा बोलण्याच्या ओघात त्याला आपले गाव अभिप्रेत असते. भोजपुरी मनुष्याचा ‘देस’ही तोच, आणि म्हणून कलकत्ता हा त्याच्या लेखी ‘बिदेस’. इंग्रजांच्या एकाच राज्यात, रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर असलेले नगर परदेश ठरते. ‘परदेशी’ हा शब्द आपणही उत्तरेकडील माणसाला लावला आहे, तो त्याच दृष्टीने.

‘बिदेसिया’ हे नाव धारण करणारे नाटक भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) ह्यांचे. ते सारन जिल्ह्यातील कुतुबपूरचे. जातीने व आरंभी व्यवसायाने न्हावी. पोटासाठी स्वतः बंगालात खडगपूरपर्यंत जाऊन आलेले. ह्या नाटकात तरुण नवरा कलकत्त्याला निघून जातो, तेथे दुसरी स्त्री करतो. मागे राहिलेली पत्नी एका वाटसरूजवळ निरोप देते, आणि तो वाटसरू नगरात जाऊन हरवलेल्या माणसाला शोधून काढतो. भोजपुरी प्रदेशात ह्या नाटकाने एक नाट्यप्रकारच रूढ केला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील दृष्टिकोण महत्त्वाचा आहे. नाटकाचे केंद्र गावात आहे, आणि बोलणारी मुख्य व्यक्ती मागे राहिलेली स्त्री आहे. नगर दिसते ते माणसे गिळणारे दूरचे स्थळ म्हणून. नायक तेथे कोणते काम करतो, कोणत्या यंत्रापुढे उभा राहतो, सरदाराला काय देतो, ह्याविषयी नाटकाला फारसे कुतूहल नाही. ही नाटककाराची उणीव नव्हे. भोजपुरी भाषेला कलकत्त्यात घर नव्हते. तेथे तिचा केवळ बासा होता. म्हणून तिचे वाङ्मय गावी राहिले आणि निरोपाच्या रूपाने नगरात आले.

बंगाली कादंबरीत ही तागगिरणीची वस्ती पूर्ण ताकदीने आली ती समरेश बसू ह्यांच्यामुळे. ‘बि. टि. रोडेर धारे’ ही त्यांची कादंबरी १९५२ ची. पुढे ‘जगद्दल’मध्ये त्यांनी ह्या परिसराचा उदय चितारला. समरेश बसू हे स्वतः ढाक्याकडून नैहाटीस आलेले, इच्छापूरच्या शस्त्रकारखान्यात नोकरी केलेले आणि चळवळीपायी तुरुंगात गेलेले. म्हणजे ज्याने ही वस्ती बंगालीत आणली तोही त्या नगराला उपराच होता. भद्रलोकांच्या कलकत्त्याने ही माणसे पाहिली नव्हती असे नाही; परंतु त्यांच्यात राहून लिहिण्यासाठी एका स्थलांतरिताचीच गरज लागली.

चार

सियालदहचा दुसरा मोठा प्रवाह पूर्व बंगालच्या शिकलेल्या मध्यमवर्गाचा. ढाका, बारिसाल, फरीदपूर, मैमनसिंग येथून कॉलेजसाठी, वकिलीसाठी, कारकुनीसाठी येणारा तरुण ह्याच स्थानकावर उतरे आणि हॅरिसन रोडच्या (आताच्या महात्मा गांधी मार्गाच्या) आसपासच्या ‘मेस’मध्ये जागा धरी. हा रस्ता सियालदहकडून थेट हावड्याच्या दिशेने जातो. दोन स्थानकांमधील ह्या पट्ट्यात खानावळी, छापखाने, पुस्तकांची दुकाने आणि मासिकांच्या कचेऱ्या एकमेकींना लागून होत्या. आधुनिक बंगाली वाङ्मयाचा बराच भाग ह्या मेसमधून लिहिला गेला. बारिसालचे जीवनानंद दास हे त्यांतील सर्वांत मोठे नाव. ह्या माणसांनाही विरह होता. पण त्यांची बाडी पद्मेपलीकडे शाबूत होती, पूजेच्या सुट्टीत गाडी व बोट धरून तेथे जाता येत होते, आणि मुख्य म्हणजे नगराची भाषा त्यांची होती.

१९४३ च्या दुष्काळात ह्याच स्थानकाच्या फलाटांवर व पदपथांवर वेगळी माणसे दिसू लागली. दक्षिणेकडील गाड्यांनी चोवीस परगण्यांतील भूमिहीन कुटुंबे नगरात आली, ती तांदळाच्या पेजेसाठी. बिजन भट्टाचार्य ह्यांचे ‘नवान्न’ हे नाटक १९४४ मध्ये लोकनाट्य संघाने रंगभूमीवर आणले, त्याचा विषय हाच. त्याच काळात मुंबईत अण्णा भाऊ साठे ह्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या एका मातंग तरुणाला बंगालच्या उपाशी शेतकऱ्याची हाक ऐकू यावी, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील मोलाची घटना आहे, आणि तिचा म्हणावा तसा विचार झालेला नाही.

त्यानंतर १९४६ च्या ऑक्टोबरातील नोआखालीचे दंगे, १९४७ ची फाळणी, १९५० च्या आरंभी खुलना, बारिसाल, ढाका येथील अत्याचार. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू-लियाकत करार झाला. १९५२ च्या ऑक्टोबरात पारपत्राची पद्धत आली, आणि तिच्या धास्तीने पुन्हा लोंढा आला. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमधील निर्वासितांची संख्या सुमारे २१ लक्ष भरली. पंजाबात अदलाबदल एकदाच आणि भयानक वेगाने झाली. बंगालात ती वर्षानुवर्षे झिरपत राहिली, आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी सियालदहच्या फलाटांनी ती पाहिली. तेथे कुटुंबे आठवडेच्या आठवडे राहत. नोंद, लस टोचणे, चिठ्ठी, आणि मग राणाघाटजवळील कूपर्स कॅम्पसारख्या छावणीकडे रवानगी.

येथे यंत्रयुगाच्या इतिहासातील एक विलक्षण योग दृष्टीस पडतो. फाळणीने तागाच्या लागवडीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि सर्व गिरण्या भारतात राहिल्या. १९४९ च्या सप्टेंबरात भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. दोन देशांतील व्यापार ठप्प झाला. ज्या लोहमार्गाने नव्वद वर्षे ताग येत होता त्या मार्गाने ताग येणे अडले, आणि त्याच मार्गाने ताग पिकवणारी माणसे येऊ लागली. ज्या कारखानदारीने पूर्वी बिहारातून मजूर ओढून आणले होते तिला आता कच्चा माल मिळेना. ह्या नव्या माणसांना ती काय सामावून घेणार? पूर्वीचा स्थलांतरित कामासाठी आला होता. हा काम असो वा नसो, आला.

भाषेनेही ह्या भेदाची नोंद घेतली. बिहारी मजुराला आपल्या देसाचा विरह होता. ह्या माणसाला बंगालीने ‘उद्वास्तू’ म्हटले. वास्तूपासून, पूर्वजांच्या पायाच्या दगडापासून उखडला गेलेला तो उद्वास्तू. ‘निर्वासित’ ह्या आपल्या शब्दात वास नाहीसा होतो. उद्वास्तू शब्दात वास्तुपुरुषच निराधार होतो. बासा आणि बाडी हा जुना भेद येथे एका घावाने संपला, कारण बाडी उरलीच नाही आणि बासा हेच घर करावे लागले. सरकारी कागदपत्रांतील शब्द आणखी निराळे होते. विधवा, वृद्ध, पंगू अशा निर्वासितांच्या छावण्यांना ‘पर्मनंट लायबिलिटी कॅम्प’, म्हणजे कायमच्या बोजाच्या छावण्या, असे नाव पडले. छावण्यांच्या कामावर असलेले अभियंते नारायण सान्याल ह्यांनी ‘बकुलतला पी. एल. कॅम्प’ ह्या १९५५ च्या कादंबरीच्या शीर्षकातच ते नाव ठेवले. माणसाला जमाखर्चाच्या वहीतील देणे ठरवणारा हा शब्द त्या काळावरील सर्वांत कठोर भाष्य आहे, आणि ते एखाद्या कवीने केलेले नाही.

उद्वास्तूचे वाङ्मय विपुल आहे. सलिल सेन ह्यांचे ‘नतुन इहुदी’ हे नाटक १९५१ चे. निमाई घोष ह्यांच्या ‘छिन्नमूल’ ह्या चित्रपटात खऱ्या निर्वासितांनी भूमिका केल्या व सियालदहचा फलाट हेच नेपथ्य झाले. ऋत्विक घटक ह्यांचे ‘मेघे ढाका तारा’, ‘कोमल गांधार’ व ‘सुवर्णरेखा’ हे तीन चित्रपट, फरीदपूरच्या नरेंद्रनाथ मित्र ह्यांच्या कथेवरून सत्यजित राय ह्यांनी १९६३ मध्ये केलेला ‘महानगर’, ज्योतिर्मयी देवी ह्यांची ‘एपार गंगा ओपार गंगा’ ही कादंबरी. ह्यांतील बहुतेक कृतींच्या केंद्रस्थानी स्त्री आहे. कमावून आणून घर सावरणारी मुलगी, कचेरीत नोकरी धरणारी सून, दंगलीतून वाचूनही आप्तांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेली तरुणी. घराची भिंत कोसळली तेव्हा तिला खांद्याने धरून उभी राहिली ती स्त्री, हे ह्या कलाकृतींनी ओळखले.

परंतु हे वाङ्मय मुख्यतः भाषेवर आणि नगरावर पूर्वीच हक्क असलेल्या वर्गाचे आहे. आरंभी आलेल्या सवर्ण कुटुंबांनी कलकत्त्याच्या दक्षिणेस पडीक जमिनी ताब्यात घेऊन विजयगड, आझादगड अशा वसाहती उभ्या केल्या, संघटना केल्या, शाळा काढल्या. मागाहून आलेले नमःशूद्र शेतकरी छावण्यांत पडले, आणि १९५८ पासून दंडकारण्य योजनेखाली कोरापूट-बस्तरच्या रानात पाठवले गेले. त्यांतील काहींनी सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर परतून वस्ती केली, तेव्हा १९७९ मध्ये राज्य सरकारने ती बळाने उठवली. ह्या दुसऱ्या प्रवाहाचा स्वतःचा स्वर बंगालीत ठळकपणे उमटण्यास फार काळ जावा लागला. मनोरंजन ब्यापारी ह्यांचे ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे आत्मकथन २०१२ मध्ये आले. छावणीत वाढलेला, रिक्षा ओढणारा, कारागृहात अक्षरओळख झालेला मनुष्य सियालदहच्या वाटेचा वृत्तान्त लिहितो, तेव्हा फाळणीला पासष्ट वर्षे होऊन गेलेली असतात.

पाच

आता मुंबईकडे पाहू. गिरणगावातील मजूर रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर ह्या भागांतून आला. त्याचीही गावाकडे शेती होती, त्याचीही मनीऑर्डर होती, तोही गावकीच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपत होता. परंतु तो ज्या भाषेत मुकादमाशी भांडत होता तीच भाषा शाळेत, सभेत, वृत्तपत्रात व रंगभूमीवर चालत होती. म्हणून मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३३ मध्येच येऊ शकली. म्हणून खानावळवालीपासून शाहिरापर्यंत एक वाङ्मयीन परंपरा सलग राहिली. म्हणून गिरणी कामगार दांपत्याने वाढवलेले नारायण सुर्वे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) घेऊन थेट मराठी कवितेच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. त्यांना कोणी वाटसरू निरोप्या लागला नाही.

भिखारी ठाकूर आणि अण्णा भाऊ साठे ह्यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. ‘बिदेसिया’त मागे राहिलेली स्त्री नगराकडे पाहून बोलते, ‘माझी मैना गावावर राहिली’ ह्या अण्णा भाऊंच्या छक्कडीत नगरात आलेला पुरुष गावाकडे पाहून बोलतो. विरह तोच आहे. बोलणाऱ्याची जागा बदलली आहे. आणि ह्या छक्कडीचा शेवट कोठे होतो? मैनेचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत मिसळतो. बेळगाव-कारवारची ताटातूट आणि प्रियेची ताटातूट एक होते. नगर हे आपलेच आहे आणि ते मिळवावयाचे आहे, अशी प्रतिज्ञा तो करू शकतो. सारन जिल्ह्याच्या मजुराला कलकत्त्याविषयी ही प्रतिज्ञा करता आली नसती. १ मे १९६० ह्या दिवसाने मराठी कामगाराच्या वाङ्मयाला जी भूमी दिली, तिचे मोल हुगळीकाठच्या मौनाशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. भाषा एक असली म्हणजे सर्व स्थलांतरितांना सारखाच आवाज मिळतो काय? तसे नाही, आणि ह्याची साक्ष ‘धोटा’ हाच शब्द देतो. त्या काळच्या मागावर धोट्यातील कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला लावावा लागू नये, म्हणून सवर्ण कामगारांनी विणकाम खात्यातून अस्पृश्यांना दूर ठेवले; १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. यंत्र नवे, कारखाना नवा, पण विटाळ जुनाच. दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, तेव्हा वरेरकरांच्या धोट्याला पंचेचाळीस वर्षे झाली होती. मनोरंजन ब्यापारी ह्यांना लागलेला विलंब ह्याहून अधिक असला, तरी त्याची जात तीच आहे. म्हणून आपला सिद्धान्त थोडा दुरुस्त करून मांडावा लागतो. भाषा हे नगरात शिरण्याचे पहिले दार आहे; त्याच्या आत दुसरे दार आहे, आणि ते जातीचे आहे.

सहा

स्थलांतरित हा नेहमी करुणेचा विषय असतो असेही नाही. कधी कधी तो ज्या भाषेत येतो तिलाच काही देऊन जातो. सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) हे ह्याचे आपल्या घरचे उदाहरण. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म. कलकत्त्यात ‘हितवादी’ पत्राशी त्यांचा निकट संबंध. आणि १९०४ मध्ये त्यांनी लिहिलेला ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत. परकीय राज्याने देशी कारागिरी कशी बुडवली ह्याची आकडेवार मांडणी करणारा हा ग्रंथ स्वदेशीच्या चळवळीत घरोघर गेला, आणि १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. ‘देश’ ह्या शब्दाचा ‘आपले गाव’ हा संकुचित अर्थ ओलांडून त्याला राष्ट्राचा अर्थ देण्याच्या कामी बंगालीला हातभार लावणाऱ्यांत एक मराठी मनुष्य होता, आणि त्याने तो अर्थ विणकराच्या मोडलेल्या मागावरून सिद्ध केला.

हे ऋण दोन्ही बाजूंनी आहे. दंडकारण्याकडे वळवलेल्या प्रवाहाचा एक भाग महाराष्ट्राच्या हद्दीत उतरला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या गडचिरोलीतील चामोर्शी-मुलचेरा परिसरात, पूर्व बंगालच्या शेतकऱ्यांची गावे वसली. तेथे घरांत बंगाली बोलली जाते आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळांतून ती शिकवलीही गेली. कल्याणजवळच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले आणि सिंधी निर्वासितांनी तेथे कारखानदारी उभारली, हे आपण कौतुकाने सांगतो. मराठी कादंबरीने ह्या दोन वस्त्यांकडे किती पाहिले? गिरणगावातील तेलुगू विणकर, मदनपुऱ्यातील मोमीन, मागाहून आलेला उत्तर हिंदुस्थानी कामगार, हे मराठी कथेत बहुधा नाक्यावरून जाताना दिसतात, घरात बसलेले क्वचितच. हुगळीकाठच्या मजुराविषयी बंगाली भद्रलोक जेवढे दूर होते, तेवढेच दूर आपणही ह्या माणसांपासून आहोत. ज्या भाषेला नगर मिळाले तिने, त्या नगरात बासा धरून राहणाऱ्या इतर भाषांचे ऐकावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाच्या चिमण्या विझत गेल्या. हुगळीकाठच्या गिरण्यांनाही उतरती कळा लागली. पूर्व बंगालकडे सियालदहहून जाणाऱ्या जुन्या गाड्या १९६५ च्या युद्धाने थांबल्या. परंतु ज्या प्रश्नापासून आपण निघालो तो ह्यामुळे जुना झाला असे नाही. नगर उभारण्यासाठी आलेला मनुष्य त्या नगराच्या भाषेत केव्हा बोलू लागतो, आणि त्याने बोलावे म्हणून त्या भाषेचे लेखक-समीक्षक काय करतात, ह्यावर त्या वाङ्मयाची खरी व्याप्ती ठरते. सियालदहच्या फलाटाने हजारो कुटुंबांना चिठ्ठी दिली, छावणीचा क्रमांक दिला, कायमचा बोजा हे नाव दिले. वाङ्मयाकडून त्यांना ह्यापेक्षा निराळे नाव मिळावयास हवे होते. काहींना ते मिळाले. पुष्कळांना अद्याप मिळावयाचे आहे, आणि त्यांतील काही आपल्याच सीमेच्या आत राहतात.